पुढच्या आवृत्तीत ऐकू येईल

राघवेंद्र सरांचे कान गेले आणि त्यांचं नाव झालं, या दोन्ही गोष्टी एकाच सुमाराला घडल्या. दोन्हींचा एकमेकींशी संबंध आहे, हे मात्र लातूरच्या ट्यूशन एरियात कोणाच्या ध्यानात आलं नाही.

सर ‘बसव सायन्स क्लासेस’मध्ये फिजिक्स शिकवायचे. तास संपला की पोरं टेबलाभोवती गोळा होऊन डाउट विचारत, जशी ती सगळ्याच क्लासमध्ये विचारतात. सहाएक वर्षांपूर्वी सरांना पोरांच्या बोलण्यातले आधी शेवटचे शब्द, मग मधले, आणि होता होता सगळेच ऐकू येईनासे झाले. आवाज यायचा. शेजारच्या घरात भांडण चाललंय एवढं कळावं आणि कशावरून ते कळू नये, तसा. तेव्हा सरांनी फर्मान काढलं, “डाउट तोंडी विचारायचा नाही. चिठ्ठीवर लिहून द्यायचा. ज्याला प्रश्न लिहिता येत नाही, त्याला तो पडलेलाच नसतो.”

हे शेवटचं वाक्य इतकं भारदस्त निघालं की मालकांनी ते सरांच्या फोटोखाली फ्लेक्सवर छापलं. पालक ते वाचून माना डोलवायचे. पुढं शेजारच्या क्लासवाल्यांनीही चिठ्ठ्या सुरू केल्या, स्वतःचे कान ठणठणीत असताना.

सरांचं घर नांदेडला. आठवडाभर लातुरात खोली, शनिवारी संध्याकाळी अहमदपूर-लोहा करत एसटीनं घरी. बायको मनस्विनीबाई नांदेडच्या शाळेत मराठी शिकवायच्या. कानांची गोष्ट ठाऊक होती ती घरच्यांना आणि नांदेडच्या डॉक्टरांना. डॉक्टर म्हणाले होते, नसच गेली आहे; यंत्रानं आवाज वाढेल, शब्द सुटे होणार नाहीत. तरी यंत्र लावून पाहिलं. पंखा विमानासारखा ऐकू आला, कुकर इंजिनासारखा, आणि मनस्विनीबाई पूर्वीइतक्याच.

मालक बसलिंगप्पा मूळचे निलंग्याचे. सगळे त्यांना अप्पा म्हणत. अप्पांना टाइप करायचा कंटाळा, ते मोबाइलवर आवाजच धाडत. सर तो आवाज तसाच नांदेडला धाडायचे. बाई स्टाफरूममध्ये फोन कानाला लावायच्या, ऐकलेलं टाइप करून परत धाडायच्या, आणि मग सर लिहायचे, “ओके अप्पा.” एवढ्या भानगडीत कधी अर्धा तास, कधी दोन तास जात. अप्पांचं मत झालं होतं की राघवेंद्र सर विचार केल्याशिवाय उत्तर देत नाहीत. पगारवाढीच्या वेळीसुद्धा हा गुण मोजला गेला.

मग सांगून का टाकलं नाही? तर केमिस्ट्रीचे रेणुकादास सर. त्यांचा हात थरथरायला लागला, फळ्यावरची अक्षरं उताराला लागली. अप्पांनी त्यांना मायेनं चहा पाजला आणि ‘पेपर काढायला’ आतल्या खोलीत बसवलं. पहिल्यांदा फ्लेक्सवरून फोटो उतरला, काही दिवसांनी खोलीतून माणूस. राघवेंद्र सरांना फळ्यापुढं उभं राहण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं म्हणजे दुसरं काही यावं असं कधी वाटलंही नव्हतं. तो खडू हातातून गेला की आपण नांदेडच्या घरात पंख्याखाली बसलेलो असू, आणि बायको ओठ मोठे करून ‘चहा’ म्हणत असेल, हे चित्र त्यांना दिवसाउजेडी दिसायचं.

अशात बातमी आली. कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती मे महिन्यात येणार. तिच्यात काय काय नवीन असणार, याच्या याद्या आधीच फिरायला लागल्या होत्या. खिडक्यांचे कोपरे आणखी गोल होणार म्हणून जगातली माणसं आनंदात होती. बॅटरीचं चित्र हिरवं होणार यावर वादविवाद झडत होते. सर ते सगळं बोटानं वर सरकवून खाली जायचे. खाली, जिथं दिव्यांगांच्या सोयी लिहितात आणि जिथवर कोणी वाचत नाही, तिथं होतं: खोलीत कोणी काहीही बोललं की स्क्रीनच्या तळाशी त्याची अक्षरं उमटतील, बोलता बोलता, इंटरनेटशिवाय. आधी चारदोन भाषांत होतं ते आता वाढणार. भाषांच्या रांगेत शेवटून दुसरी मराठी. पुढं लिहिलेलं, ‘लवकरच’.

भरतीच्या जाहिरातीची वाट पाहणारी पोरं जशी एकच वेबसाइट दिवसभर उघडतात-मिटतात, तसं सरांचं झालं. पहाटे उठून आधी यादी, मग दात घासणं. फेब्रुवारीत एकदा यादीतून मराठी गायबच झाली. त्या दिवशी सरांनी घर्षणाचा धडा दोनदा शिकवला आणि त्यांच्या लक्षात आलं नाही. पोरांनी उजळणी समजून लिहून घेतला. सरांनी कंपनीच्या संकेतस्थळावर रजेच्या अर्जासारख्या इंग्रजीत विनंती लिहिली. उत्तर आलं, आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे. बॅटरीच्या हिरव्या रंगाबद्दल तक्रार करणाऱ्यालाही शब्दन्‌शब्द तेच उत्तर आलं होतं. मार्चमध्ये मराठी परत उगवली. ‘लवकरच’ तसंच.

एप्रिलमध्ये अप्पांचा आवाज आला. सरांनी तो नांदेडला धाडला. या खेपेला बाईंकडून उत्तर यायला फार उशीर लागला, आणि आलं ते असं:

“अप्पा म्हणतात, मेच्या शेवटी पालक मेळावा. मोठा हॉल. खुला डाउट सेशन. पोरगं उभं राहील, माइकमध्ये विचारील, सर तिथल्या तिथं उत्तर देतील. चिठ्ठ्या अजिबात नकोत. बाजूचे क्लासवाले बोंबलत सुटलेत की बसवमध्ये चिठ्ठ्या आधीच ठरलेल्या असतात. तुमच्यासारखा हुकमी माणूस असताना घाबरायचं कशाला, असंही म्हणाले. अहो, आता काय करायचं?”

सरांनी लिहिलं, “मेमध्ये नवी आवृत्ती येते आहे.”

आठवड्याभरात कंपनीनं कळवलं की काही अडचणींमुळे नवी आवृत्ती दिवाळीच्या सुमारास येईल.

बुडत्या माणसाला चाचणी आवृत्ती पुरते. कंपनी हौशी लोकांना अर्धीकच्ची आवृत्ती आधी वापरायला देते. वर ताकीदही देते की रोजच्या कॉम्प्युटरवर ही टाकू नका. सरांनी ती रोजच्याच लॅपटॉपवर टाकली. पहिल्या खेपेला लॅपटॉप मेला. दुसऱ्या खेपेला उठला, पण वर्षानुवर्षांच्या नोट्स पोटात ठेवून घेऊन. पोरांनी नोट्स मागितल्या तर सर म्हणाले, “स्वतः काढा.” तेही शिस्तीतच जमा झालं.

शनिवारी नांदेडला पोचल्या पोचल्या त्यांनी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडला, भाषा मराठी निवडली आणि बायकोला समोर बसवलं.

“बोल.”

मनस्विनीबाईंनी घसा साफ केला. अक्षरं उमटली: *काय बोलू? स्वयंपाक व्हायचा आहे अजून.*

सरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. बाई पदर सावरत पुढं सरकल्या. *उमटलं का हो? खरंच उमटलं? अनुस्वारसुद्धा दिलाय की यानं.*

“अजून बोल. भरभर बोल.”

*लग्नाला सव्वीस वर्षं झाली. माझं बोलणं तुम्ही आज पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलंत.*

सर मोठ्यांदा हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. मग बाईंनी वर्तमानपत्र वाचून दाखवलं, फिजिक्सच्या पुस्तकातले प्रश्न वाचले, स्वयंपाकघरातून ओरडून पाहिलं, पाठमोरं उभं राहून बोलून पाहिलं. एक शब्द चुकला नाही. मुलगी ऋतुजा सुट्टीला आली होती. तिचंही सगळं उमटलं. तीन शनिवार-रविवार असेच गेले. सरांच्या मानेतला एक ताठरपणा, जो वर्गात शिस्त म्हणून ओळखला जायचा, थोडा सैल झाला. हिशेबात एक बाब राहून गेली होती. तपासणी झाली होती ती मराठीच्या बाईंच्या घरात, मराठीच्या बाईंच्या तोंडून, आणि मराठीच्या बाईंनीच वळण लावलेल्या मुलीच्या तोंडून. घरात कोणी ‘हाय’ म्हटलं की ‘आहे’ म्हण, असं सांगायची पद्धत होती.

मेळाव्याला हॉल गच्च भरला. दहावीचे निकाल लागलेले. मुखेड, देवणी, उदगीर, निलंगा, कुठून कुठून आईबाप आलेले. कोणी पोराच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स हातात धरून, कोणी डबा मांडीवर ठेवून. पुढच्या दोन रांगांत जुन्या बॅचची पोरं. टेबलावर लॅपटॉप, त्याला माइकची वायर. अप्पांनी विचारलंच, हे कशाला. सरांनी ते ओठांवरून ओळखलं आणि सांगितलं, “रेकॉर्डिंग.” अप्पा खूश झाले. सगळं रेकॉर्डवर असलेलं त्यांना पालकांच्या देखत आवडायचं.

पहिला उठला शिवम, लातुरातल्याच एका प्राध्यापकाचा मुलगा. *सर, लिफ्ट खाली येताना आपलं वजन कमी का वाटतं?* अक्षरं एकामागून एक उमटली. सहा वर्षांत पहिल्यांदा एका पोरानं तोंडानं विचारलं आणि सरांनी क्षणात उत्तर दिलं. कसं दिलं! खडू उडत होता. दुसरा प्रश्न एका वकिलाच्या मुलीचा, तोही उमटला. सरांच्या अंगात वारं भरलं. चिठ्ठ्यांत जे मिळत नव्हतं ते हेच, असं त्यांना वाटलं: प्रश्नाची ऊब, तो तोंडातून निघताना असते ती.

मग ज्ञानेश्वरी उठली. मुखेडकडची, व्यंकटीची मुलगी. बाप मागं भिंतीला टेकून उभा होता, खुर्ची असून. तिनं माइक दोन्ही हातांनी धरला.

“सर, तुमी म्हनलात गोल फिरनाऱ्या वस्तूवर काम शून्य ऱ्हातंय. फोर्स आत, चाल आडवी, नव्वदचा कोन. हाव ना? मंग आमी शेतात गोफन फिरवितो, तर मह्या हात कामून दुखून राहिला? काम तं शून्यच हाय. मंग दमलं कोन?”

पुढच्या रांगेतली दोन पोरं तिच्याकडं वळून पाहायला लागली, कारण प्रश्न जबर होता. सरांनी स्क्रीनकडे पाहिलं. तळाशी तीन ठिपके लुकलुकत होते. मग ठिपके गेले आणि लिहून आलं: *बोलणं ओळखता आलं नाही.*

“परत एकदा,” सर म्हणाले.

तिनं परत विचारलं, आता घाबरून, आणखी भरभर. ठिपके. मग एकटा शब्द उमटला, *शेतात*, आणि तोही पुसला गेला. सरांनी तिच्या ओठांकडे पाहिलं, तर माइक ओठांच्या पुढं. हॉलमधली सगळी तोंडं त्यांच्याकडे वळलेली. कडेला अप्पा, हात मागं बांधून, हसरे. वर्गात सध्या वर्तुळाकार गतीचा धडा चालू होता, आणि त्यावर काय विचारलं जातं ते सर पंधरा वर्षं जाणून होते. वळणावर रस्ता आतल्या बाजूला कललेला का असतो, हे विचारतात. दहातली नऊ पोरं तेच विचारतात.

“फार सुंदर प्रश्न,” सर म्हणाले, आणि फळ्याकडे वळले.

त्यांनी कललेला रस्ता काढला. त्यावर बस काढली. बसच्या कपाळावर ‘नांदेड-लातूर’ लिहिलं, लोक हसले. बाण काढले, कोन काढला, सूत्र ओळीओळीनं खाली उतरवलं. इतकं नेटकं त्यांनी आयुष्यात कधी शिकवलं नसेल. हॉल टाळ्यांनी दणाणला, आणि टाळ्या मात्र सरांना छान ऐकू आल्या.

ज्ञानेश्वरी उभीच होती. “सर, मी हे न्हाई इचारलं. मह्या सवाल गोफनीचा होता.”

सर हसून म्हणाले, “व्हेरी गुड. समजलं ना? बसा.”

हॉलमध्ये खसखस पिकली. अप्पांनी माइक तिच्या हातातून काढून घेतला आणि मायेनं म्हणाले, “काही काही पोरांना विचारलेलं काय आणि सांगितलेलं काय, दोन्ही कळायला वेळ लागतो. आपण त्यांच्यावरही मेहनत घेतो.” पालक आणखी हसले. भिंतीला टेकलेला व्यंकटी हसला नाही. त्यानं मान खाली घातली आणि चप्पल पायात नीट केली.

त्या दिवशी झाले तेवढे प्रवेश बसव क्लासेसमध्ये एका दिवसात कधी झाले नव्हते. सर खोलीवर आले आणि लॅपटॉप उघडून बसले. ‘अडचण कळवा’ असं एक बटण होतं. त्यांनी ते दाबलं, लिहिलं: *माझे विद्यार्थी बोलतात ती भाषाही मराठीच आहे.* तेवढंच धाडलं. उत्तर लगेच आलं, सूचना मोलाची आहे.

सकाळी क्लासच्या पायऱ्यांशी नव्या पालकांची रांग होती. फाटकाजवळ एक लोखंडी पेटी, गादीची वळकटी, आणि त्यांच्याशेजारी ज्ञानेश्वरी. व्यंकटी अप्पांशी काही बोलत होता. अप्पा मान हलवत होते. सरांना पाहून ती पुढं आली आणि क्लासच्या शिस्तीप्रमाणं तिनं चिठ्ठी दिली.

*सर, बाबा म्हनतेत एवढ्या लोकात हसू झालं, पोरीला समजत न्हाई, कशाला पैसा घालायचा. घरी चाललोत. माझा डाउट लिहून देते. गोफण फिरवताना काम शून्य तर हात का दुखतो? मला वाटतं हात बी थोडा गोल फिरतो म्हणून. बरोबर आहे का?*

सरांनी चिठ्ठी वाचली. बरोबर होतं. निम्मं उत्तर तिनं स्वतःच काढलं होतं, आणि राहिलेलं निम्मं सांगायला त्यांना एवढाच वेळ होता, पेटी रिक्षात चढेपर्यंतचा. पण उत्तर सांगून ती थांबणार नव्हती. बापाला उत्तराशी काही घेणं नव्हतं. बापाला एवढंच कळलं होतं की भर हॉलात सर हुशार ठरले आणि पोरगी खुळी. सरांनी फाटकावरच्या फ्लेक्सकडे पाहिलं. तिथं ते स्वतः होते, हाताची घडी घालून. मग रांगेकडे, मग अप्पांकडे. दिवाळीपर्यंत कसंही निभावलं असतं. दिवाळीला कदाचित सगळंच ऐकू आलं असतं.

ते व्यंकटीजवळ गेले. “तिला नेऊ नका,” ते हळू म्हणाले. “चूक तिची नाही. मला ऐकू येत नाही.”

“काय म्हनलात?” व्यंकटीनं विचारलं.

“माझे कान गेलेत. काल तिचा प्रश्न मला कळलाच नाही. मी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. ती बरोबर होती.”

व्यंकटीची म्हातारी आई, सरस्वतीबाई, दहा वर्षं ठार बहिरी. घरात बहिऱ्या माणसाशी कसं बोलतात हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. त्यानं सरांचा दंड धरला, तोंड अगदी समोर नेलं आणि शेतापलीकडच्या धुऱ्यावरच्या माणसाला हाक मारावी तसा तो बोलला,

“आवो सर, मंग आदी सांगायचं की! आमची माय बी बहिरीच हाय! कान गेले म्हंजे काय चोरी केली व्हय तुमी?”

निम्मं कानातून, निम्मं त्याच्या रुंद ओठांवरून, वाक्य अख्खंच्या अख्खं सरांपर्यंत पोचलं. तसंच ते रांगेपर्यंत पोचलं, वरच्या मजल्यावरच्या वर्गापर्यंत पोचलं, आणि समोरच्या झेरॉक्सवाल्यानं मशीन थांबवून मान बाहेर काढली. खिडक्यांत पोरं आली.

“किती वर्सं झाली?” व्यंकटी तसाच ओरडला. त्याच्या आवाजात आता माया होती, आणि मायेनं आवाज आणखीच चढला होता.

“सहा,” सर म्हणाले.

“सा वर्सं! अन्‌ कुनालाच म्हाईत न्हाई?”

रांगेतल्या एका बाईनं शेजारणीला काहीतरी विचारलं. शेजारणीनं फ्लेक्सकडे बोट दाखवलं.

अप्पा लगबगीनं आले. हसू तोंडावर तसंच होतं, डोळे मात्र रांगेवर. त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला, पालकांकडे पाठ केली आणि ओठ अगदी थोडे हलवून दोन वाक्यं बोलले.

सरांना ओळखू आलं की ते काय असणार. रेणुकादास सरांनाही असंच खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं. तरी ते म्हणाले, आणि भरल्या पायऱ्यांवर त्यांना त्याची लाज वाटली नाही, “अप्पा, ऐकू नाही आलं. मोठ्यानं बोला.”

अप्पांनी घसा खाकरला. परत बोलले, थोडं चढ्या आवाजात. सरांनी मान हलवली. “नाही. अजून मोठ्यानं.”

“मला सांगा अप्पा,” व्यंकटी म्हणाला, “मी सांगतो सरांला वरडून. मह्या आवाज कळतो त्यांला.”

रांग पुढं सरकून जवळ आली होती. झेरॉक्सवाला रस्ता ओलांडून आला. अप्पांनी खिशातल्या पेनाकडे हात नेला आणि मागं घेतला. असल्या गोष्टी लिहून देण्याइतके ते कच्चे नव्हते. लाखभर रुपये भरायला आलेल्या माणसांपुढं, ओरडून, एका बहिऱ्या माणसाला ‘तुम्ही आता आतल्या खोलीत बसा’ असं सांगायचं, की गप्प राहायचं, हा हिशेब त्यांच्या कपाळावर दिसत होता. ते गप्प राहिले.

“मंग सवालाचं सांगा की सर,” व्यंकटी ओरडला. “दमलं कोन ते!”

सरांनी खिशातून खडू काढला आणि पायरीवर वर्तुळ काढायला बसले. ज्ञानेश्वरी शेजारी बसली. सर सांगत होते ते तिला ऐकू येत होतं, आणि ती विचारत होती ते बाप सरांच्या तोंडासमोर ओरडत होता, त्यामुळं सगळ्यांनाच ऐकू येत होतं. अप्पा बाजूला उभे राहून गर्दी पांगायची वाट पाहत होते. सरांना ते माहीत होतं, म्हणून ते एकेक पायरी सावकाश, फार सावकाश सांगत राहिले.